कूलरला करंट उतरतोय: कुठून तपासायचं आणि कुठे हात थांबवायचा

"भाऊ, कूलर करंट मारून राहिला जी. जास्त नाही, थोडासाच."

एप्रिल लागला की नागपुरात माझ्या फोनवर हे वाक्य सुरू होतं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. वीसेक वर्षं वायरिंगचं काम करतोय. उन्हाळ्यातली निम्मी कामं याच एका दुखण्याची असतात. त्या वाक्यातला 'थोडासाच' हा शब्द मला फार खटकतो. का, ते पुढे हिशोबासकट सांगतो. आधी लक्षणं बघा, कारण दोष कुठे आहे ते निम्मं त्यावरूनच कळतं.

लक्षणं

- चप्पल घालून हात लावला तर काही नाही, अनवाणी ओल्या फरशीवरून लावला की झिणझिण्या. गळती कुठून आहे ते यावरून कळत नाही, पण कूलरच्या पत्र्याला अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) पोचत नाही हे जवळजवळ नक्की.
- नुसता पंखा चालू असेल तर ठीक, पंपाचं बटण दाबलं की करंट. पंप किंवा पंपाच्या वायरचा जोड.
- सकाळी कोरडा असताना काही नाही, दुपारी ताट्या (कूलरच्या गवताच्या जाळ्या) चिंब भिजल्या की सुरू. फॅनची मोटर किंवा ओल धरणारा एखादा जोड.
- टू पिन उलटी करून लावली की करंट 'जातो'. तो जात नाही. याबद्दल खाली.
- एक हात कूलरला आणि दुसरा खिडकीच्या गजाला लागला की सणसणीत झटका.
- कूलर लावला की फ्रिज आणि वॉशिंग मशीनलाही झिणझिण्या येतात. इथे दोष कूलरमध्ये आहेच, पण घराचं अर्थिंगही गेलेलं आहे. सगळ्यांत वाईट लक्षण हेच.
- कूलरची पिन काढून ठेवली तरी नळाला किंवा ग्रिलला करंट. मग कूलरच्या मागे लागू नका, मेन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.
- आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो. लोक याला आरसीसीबीचा दोष समजतात. तो बिचारा आपलं काम करत असतो.

काहीही उघडण्याआधी

बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन बोर्डातून ओढून काढा. बऱ्याच घरांत बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) बसवलेलं असतं. अशा ठिकाणी बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण आतल्या वायरीत फेज तसाच उभा असतो. टू पिनवर तर फेज कोणत्या बाजूला आहे याचा भरवसाच नाही.

हाताची मागची बाजू लावून 'बघू नका'. ही सवय जुन्या वायरमन मंडळींची आहे, आणि माझ्याही उस्तादांना होती. मी सोडली.

आणि कोणी कूलरला चिकटलेलं दिसलं तर त्याला धरून ओढू नका. आधी मेन पाडा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला करा, १०८ ला फोन लावा, आणि श्वास नसेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा. करंट माणसाला 'ओढून घेतो' असं म्हणतात, तसं काही नसतं. हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ आवळण्याचे स्नायू ती उघडण्याच्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात, म्हणून पकड सुटत नाही.

'थोडासाच' म्हणजे किती?

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे तीन शब्द होते, आठवतात का? व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. आपल्या बोर्डात व्होल्टेज ठरलेलं आहे, २३०. तुम्हाला मारतो तो करंट. आणि तो किती जाणार हे रेझिस्टन्स ठरवतो, जो दर मिनिटाला बदलतो.

कूलरमधून तुमच्यात करंट येतो तेव्हा त्याच्या वाटेत तीन अडथळे एकापाठोपाठ असतात. पहिला, खराब झालेल्या इन्सुलेशनचा (करंट बाहेर येऊ न देणाऱ्या आवरणाचा). दुसरा, तुमच्या अंगाचा, म्हणजे मुख्यतः कातडीचा. तिसरा, चप्पल आणि जमिनीचा. तिन्हींची बेरीज करायची आणि २३० ला भागायचं.

कातडी कोरडी आहे, पायात रबरी चप्पल आहे, तर बेरीज सहज लाखभर ओहम होते. २३० भागिले १,००,०००, म्हणजे २.३ मिलीअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलीअँपिअर). नुसत्या झिणझिण्या. तोच कूलर, तोच दोष, पण घामेजलेला हात, भिजलेले अनवाणी पाय आणि खाली सांडलेलं पाणी असेल, तर अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो आणि चपलेचा अडथळा उरतच नाही. आता इन्सुलेशनही पार गेलेलं असेल तर २३० भागिले १,०००, म्हणजे २३० मिलीअँपिअर.

हे आकडे अंगात काय करतात? साधारण १ मिलीअँपिअरला जाणीव होते. १० च्या आसपास हात सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात, आणि जितके सेकंद जास्त तितका धोका जास्त. २३० म्हणजे हृदयाचा ठोका बिघडायला भरपूर.

आता कूलरकडे बघा. पाणी, घाम, अनवाणी पाय, लोखंडी पत्रा. ज्या गोष्टींनी हे तिन्ही अडथळे कोसळतात त्या सगळ्या या एका यंत्राभोवती उन्हाळाभर हजर असतात. म्हणून कोणी 'थोडासाच' म्हटलं की मला त्यातून एवढंच कळतं, की हात लावला तेव्हा त्यांच्या पायात चप्पल होती.

टेस्टरबद्दलही इथेच सांगतो. टेस्टरच्या आत एक निऑनचा दिवा आणि त्याच्या जोडीला खूप मोठा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे मिलीअँपिअरपेक्षा कमी करंटवरही तो पेटतो. पत्र्यावर नुसता तरंगणारा निरुपद्रवी व्होल्टेज असो किंवा मोटरचा फेज थेट पत्र्याला टेकलेला असो, दिवा दोन्हीला तसाच पेटतो. उलट, उजेडात तो दिसतही नाही. टेस्टर पेटला तर पुढे तपासा. नाही पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका.

१. पिन आणि हिरवी वायर (खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटं)

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. पिन काढून हातात घ्या. दोनच दांड्या आहेत? मग अर्थिंग नाहीच. तीन आहेत? मग वरची जाड दांडी जागेवर आहे का बघा. जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून ती पक्कडीने तोडलेल्या पिना मी ढिगाने काढल्या आहेत. ती दांडी बाकी दोन्हींपेक्षा लांब असते. पिन घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, यासाठीच ती तशी बनवलेली असते.

पिन उघडा. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर स्क्रूखाली आहे की गुंडाळून टेपमध्ये लपेटली आहे? मग कूलरच्या टोकाला बघा, ती पत्र्याला नट-बोल्टने कसलेली आहे का. इथे एक गंमत असते. बोल्ट अगदी घट्ट असतो, पण रंगावर बसलेला असतो. ऑइल पेंटचा थर म्हणजे इन्सुलेशनच. वॉशरखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, मग कसा. आपल्याकडे गल्लोगल्ली पत्र्याचे कूलर बनवून मिळतात. त्यांतल्या कित्येकांना मुळातच दोन तारांची वायर लावलेली असते. ती पूर्ण काढून तीन तारांची लावा, जोड देऊ नका.

हे का महत्त्वाचं? हिरव्या वायरचा रेझिस्टन्स एका ओहमहूनही कमी असतो, तुमचा हजार. गळणाऱ्या करंटला दोन वाटा असल्या की बहुतेक सगळा सोप्या वाटेने जातो. शिवाय अर्थिंग चांगलं असेल तर पत्र्यावर व्होल्टेज चढतच नाही.

आता ती उलटी पिन. मोटरच्या वायंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) दोन टोकं असतात आणि गळती बहुधा एका टोकाजवळ होते. ते टोक फेजला असेल तर पत्र्यावर जवळजवळ पूर्ण २३० येतात, न्यूट्रलला असेल तर नाममात्र. पिन उलटी केली म्हणजे एवढंच बदललं. संध्याकाळी कोणीतरी झाडताना पिन काढेल आणि परत लावताना ती कशी लागेल ते नाणं उडवण्यासारखं आहे.

२. वायर आणि जोड (टेपचा खर्च)

बोर्डापासून कूलरपर्यंत वायरवर नजर फिरवा. खिडकीच्या पल्ल्याखाली चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, उन्हात तडकली आहे का. एक्स्टेंशन बोर्ड कूलरखालच्या ओल्या जमिनीवर तर ठेवलेला नाही ना.

पंपाच्या वायरचा जोड टाकीत लोंबकळत असेल तर दोष सापडला म्हणून समजा. साधी काळी टेप पाण्यासाठी नसते. पंधरा दिवसांत तिचा चिकटपणा सुटतो आणि पाणी तांब्यापर्यंत पोचतं. जोड नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर, पत्र्याला न टेकणारा, जमल्यास प्लास्टिकच्या डबीत.

खिडकीच्या गजांना कूलर टेकू देऊ नका. एका वस्तीत पत्र्याच्या भिंतीत कापून बसवलेला कूलर होता. त्याची चेपलेली वायर भिंतीच्या पत्र्याला लागत होती. ही भिंत पुढे शेजारच्या खोलीचीही होती, आणि तिच्या खिळ्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. तक्रार केली ती शेजारच्या काकूंनी. ओला टॉवेल टाकताना हाताला मुंग्या येतात, बहुतेक बीपीचं असेल, म्हणून त्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. कूलर ज्यांचा, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. त्यांच्या घरात लाकडी पलंग होता आणि ते पलंगावरूनच बटण दाबायचे.

३. टाकीतलं पाणी

हे फारसं कोणी सांगत नाही. पाणी वीज वाहून नेतं ते त्यातल्या क्षारांमुळे. कूलर दिवसभर पाण्याची वाफ करतो. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतायचं, ते उडतं, क्षार आणखी वाढतात. तीन आठवडे टाकी धुतली नाही तर तळातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. गवतावर पांढरा थर दिसतो तो हाच. पाण्याचा रेझिस्टन्स घटला की पंपातली जी बारीक चीर एप्रिलच्या सुरुवातीला झिणझिण करत होती तीच मे महिन्यात झटका देते.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. (डेंग्यूच्या डासांसाठीही हेच करायला सांगतात. एका कामात दोन.) आणि पाणी भरताना कूलर बंद, पिन बाहेर. रबरी पाइपातून पाणी सोडत, टाकीवर हात ठेवून, अनवाणी उभं राहणं, वर हिशोबात लिहिलेला तो हजार ओहमचा माणूस हाच.

४. मल्टिमीटर (तीन-चारशे रुपये)

इथून पुढे वाचणाऱ्याला मल्टिमीटर धरता यायला हवा. येत नसेल तर इथेच थांबा आणि वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही. खालची मोजणी पिन बोर्डाबाहेर असतानाच करायची. चालू कूलरवर यातलं काहीही नाही. पिन काढल्यावर मोटरला जोडलेल्या कंडेन्सरमध्ये थोडा चार्ज राहतो, म्हणून आत हात घालण्याआधी काही मिनिटं जाऊ द्या आणि त्याच्या टोकांना बोट लावू नका.

पहिलं मोजमाप: पिनची वरची दांडी आणि कूलरचा उघडा पत्रा. मीटर सर्वांत खालच्या ओहमवर. आकडा एक ओहमच्या आत यायला हवा. जास्त आला किंवा मीटरवर डाव्या बाजूला नुसता १ दिसला (म्हणजे वाट तुटलेली), तर हिरवी वायर पुन्हा बघा.

दुसरं: कूलरवरची पंखा आणि पंप दोन्ही बटणं चालू करून ठेवा. पिन बाहेरच आहे, पण बटणं चालू हवीत. ती बंद असतील तर मीटरला मोटर दिसणारच नाही आणि खोटं समाधान मिळेल. आता मीटर २० मेगओहमवर, एक टोक वरच्या दांडीला, दुसरं आधी डाव्या आणि मग उजव्या दांडीला. आकडा जितका मोठा तितकं बरं. मी १ मेगओहमची रेघ धरतो. त्याखाली आला तर कूलर पुन्हा लावत नाही. हिशोब करून बघा: १ मेगओहम गळती म्हणजे २३० भागिले दहा लाख, ०.२३ मिलीअँपिअर. कळणारही नाही. पण आकडा २० किलोओहम, म्हणजे वीस हजार ओहम आला, तर भिजलेल्या माणसातून ११ मिलीअँपिअर जातील. हात सुटणार नाही.

ही मोजणी कूलर अर्धा तास चालवून, ताट्या भिजल्यावर, पिन काढून लगेच करा. कोरड्या कूलरचा आकडा नेहमीच सज्जन असतो. अर्धा तास तो चालू असेल तेव्हा कोणी त्याच्या जवळ फिरकायचं नाही. आणि बॉडीला करंट जाणवलाच असेल तर चालवू नका, बंद ठेवूनच वरून ताट्यांवर पाणी सोडा, मोटरवर नको.

मग पंपाच्या वायरी सोडवून पुन्हा मोजा. आकडा एकदम वर गेला तर पंप. तसाच राहिला तर फॅनची मोटर किंवा वायरिंग.

पंप असेल तर दुरुस्ती करत बसू नका. मागच्या आठवड्यात एक पंप घरी आणून उन्हात धरून बघितला. कॉइल काळ्या रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असते. त्या काळ्या ठोकळ्यावर, वायर आत शिरते तिथून, केसाएवढी चीर निघालेली होती आणि चिरेत पांढरी क्षाराची रेघ, जणू कोणी सुईने चुना भरलाय. हा पंप टाकीत पाणी नसताना चालू राहिला होता. तो तापला, रेझिन तडकलं, आणि पुढच्या भरणीला पाणी आत गेलं. वरून एम-सील थापून देणारे आहेत. मी देत नाही. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे, नवीन घ्या.

फॅनची मोटर असेल तर प्रकरण वेगळं. पावसाळ्यात गच्चीवर पडून राहिलेल्या मोटरच्या वायंडिंगमध्ये धूळ आणि ओल बसते. दोन दिवस कडक उन्हात ठेवली की आकडा सुधारतो, आणि लोक खूश होतात. भिजली की पुन्हा तेच. अशी मोटर वायंडिंगवाल्याकडे द्या. धुऊन, सुकवून, वार्निश करून देतो, नाहीतर नवीन भरून देतो.

घरातल्या मल्टिमीटरची मर्यादा सांगून ठेवतो. तो काही व्होल्टवरच मोजतो. काही इन्सुलेशन तेवढ्यावर शहाण्यासारखं वागतं आणि २३० लागले की फुटतं. आम्ही मेगर वापरतो तो ५०० व्होल्ट लावून बघतो. तुमचा आकडा चांगला आला आणि तरी करंट जाणवतो, तर तुमच्याकडचं हत्यार संपलं. कूलर बंद ठेवा आणि माणूस बोलवा.

५. आरसीसीबी आहे का? एमसीबी नव्हे

"बोर्डात ट्रिपर आहे ना, मग काय भीती!" हे रोज ऐकतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. भिजलेल्या माणसातून जाणारे २३० मिलीअँपिअर म्हणजे ५३ वॅट. एमसीबीच्या लेखी तुम्ही पन्नास-साठ वॅटचा एक बल्ब आहात. सहा अँपिअरचा असो नाहीतर सोळाचा, तो पडणार नाही, तासभरही.

आरसीसीबी (जुने लोक ईएलसीबी म्हणतात) वेगळ्याच तत्त्वावर चालतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच तो बघतो. मध्ये कुठे गळला, पत्र्यातून किंवा माणसातून, तर तफावत दिसते. माणसांसाठी ३० मिलीअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चा घेतला तर तो आगीपासून वाचवेल, तुम्हाला नाही. ३० च्या तफावतीला तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडायला हवा, मोठ्या तफावतीला त्याहून लवकर. मात्र झटका ३० वर अडवला जातो असं समजू नका. पूर्ण २३० मिलीअँपिअर जातील, पण फार थोडा वेळ. वेळ कमी केला म्हणून जीव वाचतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याला तफावत दिसतच नाही. तिथे तो काही करू शकत नाही.

त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे. घरात आरसीसीबीच नसेल तर दोन हजारांच्या आसपासचा खर्च आहे. बसवायचं काम वायरमनचं, कारण मेन बंद करून बोर्ड उघडावा लागतो.

प्लास्टिकचा कूलर असला तरी हे लागतंच. पत्रा नसला म्हणून काय झालं, पंप पाण्यातच आहे आणि पाणी तुमच्या हाताला लागतं.

६. घराचं अर्थिंग: इथे तुमचं काम संपलं

हा भाग वाचायचा तो वायरमन काय करतोय ते कळावं म्हणून. स्वतः करू नका.

अर्थिंगचा खड्डा, म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा प्लेट, कोळसा, मीठ. तो कागदावर असतोच, जमिनीत चालतो की नाही हा प्रश्न. मे महिन्यात माती कोरडी पडली की त्याचा रेझिस्टन्स चढतो. समजा कूलरच्या पत्र्याला फेज थेट टेकला. खड्डा ५ ओहमचा असेल तर ४६ अँपिअर जातील आणि सोळाचा एमसीबी थोडा वेळ घेऊन का होईना पडेल. खड्डा ५० ओहमचा झाला असेल तर ४.६ अँपिअर. एमसीबी ढिम्म, आणि पत्रा जवळजवळ पूर्ण २३० वर चढलेला. एवढंच नाही, हिरवी वायर सगळ्या घराची एक, म्हणून तेच व्होल्टेज फ्रिजला, मशीनला, गिझरला पोचतं. लक्षणांत लिहिलेली ती गोष्ट हीच. इथे आरसीसीबी असता तर क्षणात पडला असता.

मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगलं, असं नाही. मीटरमधून जाणारा करंट इतका नगण्य असतो की पाचशे ओहमचं अर्थिंगही त्याला उत्तम वाटतं. वायरमन बल्बचा लोड टाकून बघतो किंवा अर्थ टेस्टर लावतो. बल्बची युक्ती घरी करू नका. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधूनच घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज जाईल.

दोन जुगाडांबद्दल बोलावंच लागेल. पहिला, हिरवी वायर नळाच्या पाइपला बांधणं. पूर्वी सगळा पाइप लोखंडी होता, जमिनीत जायचा. आता मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा येतो. मग कूलरचा करंट जमिनीत जात नाही, बाथरूमच्या नळावर येऊन थांबतो.

दुसरा मला सर्वांत जास्त घाबरवतो. बोर्ड उघडला की सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दीड इंच तांब्याचा तुकडा. 'अर्थिंग नव्हतं ना, म्हणून करून दिलं.' मीटरवर सगळं छान दिसतं, झिणझिण्याही थांबतात. पण पत्र्यातली गळती त्या तुकड्यातून न्यूट्रलमध्येच परत जाते, म्हणून आरसीसीबीला तफावत दिसत नाही, तो आंधळा होतो. आणि ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठे सुटला त्या दिवशी घरातल्या चालू पंख्या-दिव्यांमधून फेज थेट कूलरच्या पत्र्यावर येतो. दोष कूलरमध्ये नसतानाही. असा तुकडा सापडला तर तो काढून नवीन अर्थिंग करून घ्या. कोण करतंय तेही विचारा, परवाना असलेला वायरमनच हवा. आणि झाल्यावर खड्ड्याचा ओहममधला आकडा त्याच्याकडून लिहून घ्या.

लाइनमनला कधी बोलवायचं

कूलरची पिन बाहेर असूनही नळाला, ग्रिलला किंवा भिंतीला करंट, काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद, मीटरच्या पेटीला किंवा खांबाला झिणझिण्या, सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) पत्र्याच्या छपराला घासतेय: यांपैकी काहीही दिसलं तर ते ना तुमचं काम, ना माझं. १९१२ वर महावितरणला कळवा आणि फोनवर 'लाइट गेली' असं सांगू नका, 'पत्र्याला करंट उतरलाय' असं सांगा. मीटरचं सील कोणालाही तोडू देऊ नका. मेन बंद करायला जाताना कोरडी चप्पल घाला, आणि मीटरची पेटीच झिणझिणत असेल तर तिला हात न लावता बाहेर थांबा. वाटेत शेजाऱ्यांचं दार वाजवा. न्यूट्रल खांबावर तुटला असेल तर तो त्यांच्याकडेही तुटलेलाच असतो, आणि त्यांचा कूलर अजून चालू असेल.